डेस्कटॉपची निवड आणि बहुलिपिक अभ्यासक

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आणि भाषाविभागांतील कित्येक संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. ही यंत्रे बंद पडलेली नाहीत. त्यांवर शोधनिबंध टंकलिखित होतात, कोशांच्या नोंदी चढतात, हस्तलिखितांची छायाचित्रे उघडतात. परंतु ‘विंडोज ११’ ज्या पिढीचे प्रोसेसर आणि जी सुरक्षा-चिप मागते ती त्यांच्यापाशी नाही. आणि नव्या यंत्रांचे अनुदान भाषाविभागाच्या वाट्यास केव्हा येते हे सांगावयास नको. अशा वेळी लिनक्सचा विचार पुढे येणे क्रमप्राप्त आहे. भारत सरकारने २०१५ मध्येच मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केलेले असल्यामुळे कागदोपत्रीही त्यास हरकत नाही.

अडचण येते ती पुढच्या टप्प्यावर. डेबियनसारखी प्रणाली यंत्रावर बसवू लागताच ती विचारते की ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, माते, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी यांपैकी कोणता डेस्कटॉप हवा? विंडोजवर हयात घालविलेल्या मनुष्याला हा प्रश्नच परका वाटतो, कारण तेथे प्रणाली आणि तिचे दर्शनी रूप ही दोन नसतात. मग हा प्रश्न यंत्र बसवून देणारा तंत्रज्ञ स्वतःच्या आवडीने सोडवून टाकतो; किंवा चार छायाचित्रे पाहून त्यांत जे देखणे दिसेल ते पसंत केले जाते. भाषेच्या अभ्यासकाच्या बाबतीत या दोन्ही रीती चुकीच्या आहेत. त्याची निवड डोळ्यांनी नव्हे, बोटांनी व्हावयास हवी. एकाहून अधिक भारतीय लिप्यांत रोज लिहिणाऱ्या माणसाला कोणता डेस्कटॉप कमीत कमी अडवितो, ही एकच कसोटी येथे महत्त्वाची आहे. आणि ती लावली असता उत्तर बहुधा तंत्रज्ञाच्या उत्तराहून निराळे येते.

प्रथम संज्ञेविषयी. इंग्रजीतील पूर्ण नाव ‘डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’ असे आहे. त्याला ‘मेज-पर्यावरण’ म्हणणे हास्यास्पद होईल; ‘डेस्कटॉप-परिसर’ किंवा नुसते ‘परिसर’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा. लिनक्स हे नाव वस्तुतः फिनलंडमध्ये लिनस टॉरवल्ड्सने १९९१ साली लिहावयास घेतलेल्या गाभ्याचे होय. त्या गाभ्याला पडदा, चौकटी, यादी, चित्रे यांशी कर्तव्य नाही. पडद्यावर चौकटी रेखाटण्याची सोय मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्स’ या व्यवस्थेने केली; अलीकडे तिची जागा २००८ मध्ये आरंभ झालेली ‘वेलँड’ ही व्यवस्था घेत आहे. त्यांच्याही वर चौकटींची किनार, खालची वा वरची पट्टी, धारिका उघडण्याची रीत, कळफलक बदलण्याची खूण, हे सारे मिळून परिसर होतो. तो बदलला म्हणून मजकूर बदलत नाही. एका यंत्रावर दोनतीन परिसर एकत्र नांदू शकतात आणि प्रवेशाच्या पडद्यावर ज्याने त्याने आपला निवडावयाचा असतो. ज्यांनी १९९०च्या दशकात खाजगी टंकांच्या सांकेतिक पद्धतींत शेकडो पाने टंकून ठेवली आणि पुढे ती पाने रोमन चिन्हांचा कचरा होऊन पडद्यावर उमटलेली पाहिली, त्यांच्या मनात प्रत्येक बदलाविषयी संशय असणे स्वाभाविक आहे. तो संशय येथे अनाठायी आहे. युनिकोडमध्ये लिहिलेली धारिका कोणत्याही परिसरात तीच राहते. बदलते ते हाताचे वळण. पण भाषेच्या माणसाला तो बदल लहान नाही.

डेस्कटॉप हे रूपकही मुळात परके आहे. झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘स्टार’ या यंत्राने अमेरिकी कचेरीतील मेज, त्यावरचे कागद, फोल्डर आणि टोपली पडद्यावर आणली. मॅकिंतॉशने १९८४ मध्ये ती घरोघर नेली. पेशवे दप्तरातील कागद मेजावर पसरून राहत नाहीत, ते रुमालात बांधलेले असतात. रुमाल सोडावा, हवा तो कागद पाहावा, पुन्हा बांधावा, ही तेथील रीत. तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी कागदांवर काम केलेल्यांनाही हे बांधणे-सोडणे परिचित आहे. गंमत अशी की ग्नोमच्या नव्या अवतारात मेजावर एकही कागद ठेवता येत नाही. पडदा कोरा असतो, आणि जे हवे ते नावाने हाक मारून काढावे लागते. पुष्कळांना हे विचित्र वाटले. दप्तरखान्यात दिवस काढलेल्या अभ्यासकाला ते तितकेसे विचित्र वाटू नये.

या परिसरांचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर तो दोन घराण्यांचा इतिहास आहे. जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी मथियास एट्रिच याने ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीईची घोषणा केली. त्यासाठी त्याने निवडलेले ‘क्यूटी’ हे साधन ट्रोलटेक या नॉर्वेतील कंपनीचे होते आणि त्याचा परवाना पुरेसा मुक्त नव्हता. हे ज्यांना खटकले त्यांच्यापैकी मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोतील दोघांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोमचा संकल्प सोडला. क्यूटीचा परवाना २००० साली मुक्त झाला, म्हणजे भांडणाचे मूळ कारण तीन वर्षांत नाहीसे झाले. तथापि दोन्ही घराणी टिकली, वाढली आणि आज त्यांच्यातील फरक परवान्याचा नसून स्वभावाचा आहे. साहित्यातील संप्रदायांचेही असेच होते. आद्य वाद कोणाला आठवत नाही, पण दीक्षा चालू राहते.

अभ्यासकाने लक्षात ठेवावयाची साले मात्र वेगळी आहेत: २००८ आणि २०११. जानेवारी २००८ मध्ये केडीईची चौथी आवृत्ती आली आणि तिने तिसरीच्या वापरकर्त्यांची घडी विसकटली. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीने तर खालची पट्टी, यादी, चौकट लहान करण्याची कळ असे सर्व परिचित टेकू काढून घेतले. खुद्द टॉरवल्ड्सने त्या वर्षी ग्नोमवर जाहीर टीका करून एक्सएफसीईचा आश्रय घेतला. पुढे तो ग्नोमकडे परतला ही गोष्ट निराळी. त्याच महिन्यात उबंटूने ‘युनिटी’ हा स्वतःचा परिसर मुख्य केला आणि २०१७ मध्ये तो सोडून ग्नोमला पुन्हा जवळ केले. म्हणजे ज्याने केवळ उबंटूवर विश्वास टाकला त्याला सहासात वर्षांत दोनदा नव्याने शिकावे लागले. या उलथापालथीतून ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीची परंपरा जतन करणारा ‘माते’ जन्मला. हे नाव दक्षिण अमेरिकेतील एका वनस्पतीच्या पानांच्या पेयावरून आले आहे. मराठी वाचकाला ते संबोधन वाटले तर दोष त्याचा नव्हे. लिनक्स मिंटने त्याच सुमारास सिनॅमन काढला. जुन्या केडीईची परंपरा ‘ट्रिनिटी’ने राखली. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. एका मूळ संहितेत संपादकाने धाडसी फेरफार करावेत आणि जुन्या पाठाचा आग्रह धरणाऱ्यांनी स्वतंत्र प्रतपरंपरा चालू ठेवावी, तसाच हा प्रकार.

आता कसोटीकडे. भारतीय लिपी पडद्यावर नीट उमटते की नाही, हा प्रश्न २०००च्या दशकात परिसरागणिक वेगळे उत्तर देणारा होता. ग्नोमकडे ‘पँगो’ हा मांडणीकार होता. त्याचे नाव ग्रीक ‘पान’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा यांचा संधी आहे. केडीईकडे क्यूटीची स्वतःची निराळी व्यवस्था होती. जोडाक्षरे, वेलांटीची जागा, रफार यांचा निर्णय दोघे वेगवेगळा करीत, त्यामुळे एकीकडे शुद्ध दिसणारा शब्द दुसरीकडे मोडलेला दिसणे शक्य होते. त्या काळी परिसराची निवड ही खरोखरच लिपीची निवड होती. आज ती नाही. ‘हार्फबझ’ नावाचे एकच यंत्र आता पँगोच्याही पोटात आहे, क्यूटीच्याही आहे, लिब्रऑफिस आणि फायरफॉक्स यांच्याही आहे. हे नाव ‘ओपनटाइप’ या तांत्रिक संज्ञेचे फार्सी रूपांतर आहे: हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुले. मराठीतील ‘हरफ’ त्याच घरचा. तेव्हा अमुक परिसरात मराठी अधिक सुंदर दिसते, असे कोणी सांगू लागल्यास तो बहुधा टंकाविषयी बोलत असतो, परिसराविषयी नव्हे. पुण्यात अभियांत्रिकी केंद्र असलेल्या रेड हॅट कंपनीने मुक्त केलेले ‘लोहित’ टंक असोत की गूगलचे ‘नोटो’ असोत, ते सर्वत्र बसविता येतात. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेली मोडीदेखील योग्य टंक असल्यास प्रत्येक परिसरात वाचता येते.

एका बारकाव्याची नोंद येथे करावयास हवी. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती प्रमाण ठरविली आहेत. काही टंकांत दोन्ही वळणे असतात आणि मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे कळल्यावर टंक योग्य ते वळण पुढे करतो. मजकुराने स्वतः भाषा सांगितली नाही तर पँगो ती परिसराच्या निवडलेल्या भाषेवरून घेतो. म्हणजे परिसर इंग्रजीत ठेवला तर धारिकांच्या नावांतला ‘ल’ हिंदी वळणाचा आणि मराठीत ठेवला तर मराठी वळणाचा दिसू शकतो. दिल्लीत वा हैदराबादेत मराठी शिकविणाऱ्याला ही क्षुल्लक बाब वाटणार नाही.

वाचनाचा प्रश्न असा बव्हंशी मिटला असल्यामुळे उरतो तो लेखनाचा; आणि परिसरापरिसरांतील खरा भेद येथेच आहे. इन्स्क्रिप्ट ही शासनाने १९८०च्या दशकात प्रमाणित केलेली कळरचना सर्वत्र उपलब्ध आहे. तिचा मोठा गुण भाषाविभागांनी कधी पुरता ओळखला नाही, असे म्हणणे भाग आहे. ज्या कळेवर देवनागरीत ‘क’ आहे तिच्यावरच बंगालीत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये, मल्याळममध्ये ‘क’ आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने ती एकदा आत्मसात केली की लिपी बदलते, बोटे बदलत नाहीत. परंतु सारेच इन्स्क्रिप्टवाले नसतात. टंकलेखनयंत्रावर हात बसलेल्यांना रेमिंग्टन हवी असते. तमिळ सहकाऱ्याला १९९९ मध्ये तमिळनाडू शासनाने मान्य केलेली ‘तमिळ ९९’ हवी असते. बंगाली सहकाऱ्याला ‘प्रभात’, आणि तरुण विद्यार्थ्यांना रोमन उच्चारानुसारी कळरचना. एका विभागातल्या एका यंत्रावर हे सारे लोक आळीपाळीने बसतात.

येथे एक जुनी मर्यादा आडवी येते. एक्सच्या कळफलक-व्यवस्थेत एका वेळी चारच कळरचना चालू ठेवता येतात. मराठी, कन्नड, तमिळ आणि उर्दू एवढ्या चार भाषांत काम करणाऱ्याला इंग्रजी धरून पाच लागतात. म्हणजे रोज कुठली तरी एक भाषा दाराबाहेर बसणार. ही मर्यादा ओलांडावयाची तर कळफलक आणि मजकूर यांच्या मध्ये एक दुभाषी बसवावा लागतो. ‘आयबस’ आणि ‘एफसीआयटीएक्स’ हे असे दोन दुभाषी. त्यांच्या हाताशी ‘एम-सतरा-एन’ हा जपानमध्ये सिद्ध झालेला कळरचनांचा संग्रह असतो, ज्यात मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी रचना आहेत, आणि हिंदीच्या विभागात रेमिंग्टनही आहे. तेव्हा प्रश्नाचे नेमके रूप असे ठरते: कोणता परिसर या दुभाष्याला घरचा माणूस मानतो, आणि कोणता त्याला ओटीवर उभा ठेवतो?

ग्नोमने २०१२ पासून आयबसला घरात घेतले आहे. त्याच्या जुळणीपत्रकात साध्या कळरचना आणि दुभाष्यामार्फत येणाऱ्या कळरचना एकाच यादीत येतात. चारांचे बंधन जाणवत नाही. खिडकीचे चित्र असलेली कळ धरून स्पेसबार दाबला की पुढची लिपी येते, आणि वरच्या पट्टीत तिची खूण दिसत राहते. प्रत्येक चौकटीची लिपी वेगळी लक्षात ठेवण्याचीही सोय आहे, त्यामुळे एका चौकटीत तमिळ संहिता आणि दुसरीत तिचा मराठी अनुवाद असे काम अडखळत नाही. ही सारी व्यवस्था तंत्रज्ञावाचून कोणासही लावता येते. ग्नोमचे बाकीचे हट्ट, आणि ते थोडे नाहीत, या एका गुणापुढे सहन करण्याजोगे आहेत.

प्लाझ्मा अधिक उदार आहे. त्यात पट्टी कोठेही न्यावी, काहीही जोडावे, काहीही काढावे; लिपीची आठवण सर्व पडद्यासाठी एक, प्रत्येक आज्ञावलीसाठी वेगळी, की प्रत्येक चौकटीसाठी वेगळी ठेवायची, हेही त्यात ठरविता येते. चारांवरील कळरचना राखीव ठेवण्याची युक्तीही त्याच्यापाशी आहे. परंतु वेलँडवर चालणाऱ्या प्लाझ्मात दुभाषी निवडावयाचा तर तो ‘आभासी कळफलक’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली शोधावा लागतो. खरा, लाकडी मेजावरचा, धुळीने माखलेला कळफलक वापरणाऱ्या माणसाने आभासी कळफलकाच्या पानावर कशासाठी जावे? नामकरणातील अशी एक चूक दहा सोयी निष्फळ करते. ज्याला आठवडाभर बसून आपले यंत्र आपल्या मापाचे करून घेण्याची हौस आहे, आणि ज्याचे यंत्र दुसऱ्या कोणाच्या हाती जात नाही, त्याच्यासाठी प्लाझ्मासारखा परिसर नाही. सामाईक यंत्रासाठी हीच उदारता अडचणीची ठरते. सकाळी बसलेला पट्टी डावीकडे नेतो, आणि दुपारी बसणारा पडद्यावर काहीच नाही म्हणून यंत्र बंद करून उठतो.

एक्सएफसीईचा गुण वेगळाच आहे. ऑलिव्हिए फूर्दाँ याने १९९६ मध्ये आरंभिलेला हा परिसर अतिशय सावकाश चालतो. त्याची ४.१२ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि तिच्या पुढची, ४.१४, २०१९ मध्ये. तंत्रज्ञांच्या जगात हे आळसाचे लक्षण मानतात. कोशकार्यासारखी दहा वर्षांची कामे अंगावर घेणाऱ्या विभागाच्या दृष्टीने तो मोठा आधार आहे. शिवाय चार जीबी स्मृतीच्या ज्या यंत्रावर ग्नोम आणि ब्राउझर एकदम उघडले की दम लागतो, तेथे एक्सएफसीई निवांत असतो. उणीव एकच, पण नेमकी कसोटीच्या जागी: त्यात दुभाष्याची जोडणी स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते. ती एकदा नीट झाली की पुढे तक्रार राहत नाही, परंतु ती करणारा कोणी तरी लागतो.

यावरून निवड अशी करावी. भाषाविभागातील सामाईक यंत्र पुरेशा क्षमतेचे असेल तर त्यावर ग्नोम. जुने असेल तर एक्सएफसीई, मात्र आयबसची जोडणी पूर्ण झाल्याचे तपासूनच ताब्यात घेतलेला. आणि प्लाझ्मा ज्याच्या त्याच्या खाजगी यंत्रावर.

याविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की विंडोजवरून येणाऱ्याला विंडोजसारखाच दिसणारा सिनॅमन का देऊ नये? तेथे यादी डाव्या कोपऱ्यात खाली असते, पट्टी परिचित असते, भीती वाटत नाही. विभागाच्या कार्यालयात एकाच लिपीत पत्रव्यवहार करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी हे म्हणणे पूर्णतः मान्य करावे. परंतु सारखेपणाचा लाभ पहिल्या आठवड्याचा असतो आणि कळफलकाचा त्रास पुढच्या दहा वर्षांचा. अभ्यासकाने पहिल्या आठवड्यासाठी निवड करू नये.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. मुक्त प्रणालीचे सारे सामर्थ्य विकल्पात आहे. मग विभागाने एकच परिसर मुख्य का मानावा? ज्याला जो आवडेल तो त्याने प्रवेशाच्या वेळी निवडावा. ही मुभा काढून घ्यावी असे कोणी म्हणत नाही. तथापि मुभा असणे आणि कोणतीच मांडणी ठरलेली नसणे या भिन्न गोष्टी आहेत. केरळच्या सरकारी शाळांनी लिनक्स स्वीकारले ते शाळाशाळांतून एकच मांडणी ठेवून आणि शिक्षकांना त्याच मांडणीचे शिक्षण देऊन. मल्याळम टंकण तेथे संगणकशिक्षणाचाच भाग झाले. प्रत्येक शाळेने आपापल्या आवडीचा परिसर बसविला असता तर एका शिक्षकाला आलेली अडचण दुसऱ्या शिक्षकाने सोडविण्याची सोय राहिली नसती. भाषाविभाग शाळेहून लहान असतो, आणि तेथे शेजारच्या खोलीतील सहकाऱ्यावाचून दुसरा तंत्रज्ञ बहुधा मिळत नाही.

परिसराची भाषा कोणती ठेवावी, या प्रश्नावर अभ्यासकांत एक विलक्षण औदासीन्य दिसते. मराठीची सक्तीने तरफदारी करणारेही आपले यंत्र इंग्रजीत ठेवतात आणि कारण सांगतात की मराठी अनुवाद अर्धवट आहे, किंवा कृत्रिम आहे. दोन्ही कारणे खोटी नाहीत. ग्नोम आणि केडीई या दोहोंचे मराठीकरण प्रामुख्याने अभियंत्यांच्या आणि हौशी स्वयंसेवकांच्या बळावर झाले. आवृत्ती पुढे जाते, अनुवाद मागे राहतो, आणि एका यादीत तीन ओळी मराठी व दोन इंग्रजी अशी मिसळ होते. शब्दांचेही तसेच. ‘फाइल’ला शासनव्यवहारात ‘नस्ती’ हा रुळलेला शब्द असताना संगणकावर ‘धारिका’ आली. ‘फोल्डर’ची ‘संचयिका’ झाली, आणि ‘दप्तर’ या तीन शतके वापरात असलेल्या शब्दाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. यातील उचित कोणते आणि अनुचित कोणते, यावर भाषाविभागांतून एक तरी टिपण त्या अनुवादकांकडे गेले आहे काय? परिभाषेवर चर्चासत्रे भरतात, निबंध वाचले जातात, ते ग्रंथबद्ध होतात. आणि ज्या पडद्यासमोर विभागाचा दिवस जातो त्यावरील शब्द मात्र दुसऱ्याच कोणी तरी रात्री जागून ठरविलेले असतात. या परिसरांतील प्रत्येक वाक्य कोणासही पाहता येते, सुधारता येते, सुधारून पाठविता येते. ग्नोमच्या अनुवादांची आकडेवारी ठेवणाऱ्या व्यवस्थेचे नावच, खोटेपणाच्या तीन प्रतींविषयीच्या प्रसिद्ध इंग्रजी उक्तीवरून, ‘डॅम्ड लाइज’ असे ठेवले आहे. निदान विनोदबुद्धीचा तरी तेथे तुटवडा नाही.

उर्दूच्या अभ्यासकाला परिसराची भाषा बदलून पाहण्याचे आणखी एक कारण आहे. उर्दू निवडताच ग्नोम आणि प्लाझ्मा या दोहोंतही सारी मांडणी उजवीकडून डावीकडे फिरते, याद्या उजवीकडून उघडतात. नस्तालीकच्या उतरत्या ओळीला जी उंची लागते ती मात्र अरुंद याद्यांत मिळतेच असे नाही. दखनीवर काम करणाऱ्या मराठी अभ्यासकाने हे स्वतः बसून पाहावे, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये.

किंबहुना सर्वांनीच निवडीपूर्वी अर्धा तास एक चाचणीचे पान लिहून पाहावे. त्यात ‘वाऱ्यावर’ आणि ‘कऱ्हाड’ हे शब्द असावेत, कारण ‘ऱ’ची कळ न सापडणारे अनेक आहेत. ‘ॲ’ असावा, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि काही जुन्या कळरचनांत त्याच्या जागी अद्याप ‘ऍ’ उमटतो. ‘ळ’ असावा. प्रत्येक सहकाऱ्याच्या भाषेतील एक ओळ त्याच्या नेहमीच्या कळरचनेने लिहिलेली असावी, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना किती कळा दाबाव्या लागल्या हे मोजावे. धारिकेला मराठी नाव द्यावे आणि ते नाव टंकून ती शोधावी. यंत्राला क्षणभर कुलूप लावावे आणि परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर चालू लिपीची खूण दिसते की नाही ते पाहावे. मराठी कळरचना चालू राहिल्यामुळे स्वतःच्याच यंत्राबाहेर ताटकळणे हा बहुलिपिक माणसाचा नित्याचा अनुभव आहे. ही चाचणी पेन ड्राइव्हवरून, यंत्रातील काहीही न पुसता, करता येते. डेबियन, फेडोरा आणि उबंटू यांच्या अशा प्रती परिसरागणिक वेगवेगळ्या मिळतात.